दशमीचा मासा

जबलपूरच्या मराठी माणसाला पुण्या-मुंबईचे नातेवाईक हमखास दोन प्रश्न विचारतात. पहिला, "तुमच्याकडे मराठी बोलतात का?" याला आम्ही "हओ" असं उत्तर देतो, त्यामुळे समोरच्याची शंका फिटण्याऐवजी पक्की होते. दुसरा, "तुमच्याकडे मासे मिळतात का हो?" हा प्रश्न आला की आमच्या काकांचा आवाज चढतो. "नर्मदा वाहते आमच्या दारात! महाशीर हा मध्य प्रदेशाचा राज्यमासा आहे, राज्यमासा!" मग ते बरगी धरणातल्या रोहू-कतल्यांची वजनं सांगायला घेतात. ती ऐकताना धरणात पाण्याला जागा कशी उरते, एवढंच कोडं पडतं.

हे सगळं शांतपणे ऐकून घेऊन माझे पुण्याचे मेहुणे एकदा म्हणाले, "ते गोड्या पाण्यातले. आम्ही त्यांना मासे म्हणत नाही."

झालं. काका ताट सोडून उठले. आमचं मूळ गाव मालवणकडचं. 1904 मध्ये जबलपूरला गन कॅरेज फॅक्टरी निघाली, तेव्हा आमचे पणजोबा नोकरीसाठी इकडे आले ते इकडचेच झाले. त्यानंतर घरात कोणी समुद्र पाहिला असेल तर तो सिनेमात. तरीही काकांनी जाहीर केलं, "आपल्या रक्तात खारं पाणी आहे." हे तसं खरं आहे. डॉक्टरांनीही त्यांना तेच सांगून मीठ बंद केलं आहे. "या डिसेंबरात सगळ्यांनी मालवणला जायचं. माहितगार तांडेल घ्यायचा, होडीतून खाडीच्या तोंडाशी जायचं आणि गळाने मासा काढून यांच्या ताटात वाढायचा."

'सगळ्यांनी' म्हणजे काका, आई, मी, बायको, चिरंजीव, कन्या आणि पुण्याहून परस्पर येणारे मेहुणे. यातल्या प्रत्येकाचं काम ठरलेलं होतं. मला पैसे द्यायचे होते.

पहिला प्रश्न आला दिवसाचा. सरकारची मासेमारी बंदी किती? पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै. आमच्या मध्य प्रदेशात नद्या-तलावांतली 16 जून ते 15 ऑगस्ट. आमच्या घरची बारमाही. सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. शुक्रवारी मासा चालतो, पण आईच्या संतोषीमातेमुळे घरात आंबट चालत नाही, आणि कोकमाशिवाय कालवण करायला काकांची हरकत. रविवार मोकळा, पण रविवारी तांडेलाकडे अख्खा पश्चिम महाराष्ट्र रांगेत उभा. शिवाय एकादश्या, चतुर्थ्या, श्रावण, नवरात्र आणि मार्गशीर्ष आहेतच. माशांना निवांत संसार करायला आमच्या घराने दिलाय तेवढा वेळ कोणत्याही सरकारने दिलेला नाही.

स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयासमोर बायको पेन्सिल घेऊन उभी होती. मेहुणे फोनवरून म्हणाले, "गंमत माहीत आहे का? 1973 साली हे कालनिर्णय काढणारे जयंत साळगावकर मूळचे मालवणचेच. जन्म तिथला."

"मग?" बायको म्हणाली. "मालवणचा माणूसच सांगतोय ना, नका खाऊ म्हणून?"

शेवटी एक बुधवार सापडला. दशमी होती. दुसऱ्या दिवशी एकादशी, म्हणजे दारूगोळा संपायच्या आत किल्ला घ्यायचा होता. तांडेलाला फोन लावला. तिथी ऐकून तो म्हणाला, "साडेसातच्या सुमाराक पुरी भरती. सा वाजता होडयेर येवा." काकांनी लगेच कागद ओढला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा जुना ठोकताळा त्यांना कुठूनतरी माहीत होता. दहाची पाऊणपट साडेसात. हिशेब जुळल्यावर त्यांनी अशा थाटात मान हलवली, की समुद्र त्यांना विचारून चढतो असं वाटावं.

तयारीचा भाग चिरंजीवांकडे होता. त्याने ऑनलाइन एक रॉड मागवला. तो उघडला की पंख्याला लागायचा आणि मिटला की बोट चिमटायचा. त्याच्याबरोबर एक रीळ, आणि ज्यांना मासे म्हणावं की कानातले म्हणावं असा प्रश्न पडेल असे चकचकीत प्लॅस्टिकचे मासे. शिवाय त्याने व्हिडिओ पाहून अभ्यास केला होता. त्यात काळे चष्मे घातलेले अमेरिकन गृहस्थ दोन मिनिटांत स्वतःच्या उंचीचा मासा ओढून काढत, त्याचा मुका घेत आणि त्याला परत पाण्यात सोडत. आईने तो व्हिडिओ एकदा पाहिला. "उष्टा करून सोडला मेल्याने!" एवढंच ती म्हणाली.

तिची तयारी वेगळी होती. ग्वारीघाटावर आम्ही जबलपूरकर पिढ्यान्‌पिढ्या माशांना कणकेच्या गोळ्या घालत आलो आहोत. घाटावर गोळ्या विकत मिळतात, त्या टाकल्या की पाणी उसळतं, आणि आपण पुण्य लागलं म्हणून हात जोडतो. मासा धरायचा असतो, हे आईच्या मनाला कधी शिवलंच नव्हतं. तिने डबाभर कणीक मळून घेतली. "एवढ्या लांब जातोय, तिथल्या माशांना काहीतरी न्यायला नको?"

आमच्या गावाहून कोईमतूरला आठवड्यातून एकदा जाणारी गाडी कोकण रेल्वेवरून जाते. तिने कुडाळला उतरलो. नर्मदा अमरकंटकहून निघून 1312 किलोमीटर चालते आणि खंबातच्या आखाताला मिळते, हे काकांनी वाटेत सहप्रवाशांना सांगितलं. तिच्याबरोबर निघालो असतो तर निदान वरच्या बर्थवरून भांडण झालं नसतं. मालवणात पहिला दिवस सिंधुदुर्ग किल्ल्यात गेला. चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी, हे पाहून आईला समुद्राविषयी प्रथमच आदर वाटला. काकांनी 1664 साली बांधायला घेतलेल्या तटाची तपासणी केली, तोफांच्या जागा साधारण बरोबर असल्याचं महाराजांना प्रमाणपत्र दिलं आणि आम्ही देवबागला मुक्कामी गेलो.

बुधवारी सहा वाजता होडीवर जायचं होतं. साडेपाचला काका उठले आणि त्यांनी सगळ्यांना उठवण्याचं काम मला दिलं. पोहे झाल्याशिवाय मेहुणे हलत नाहीत. पोहे झाल्यावरही ते लगेच हलत नाहीत. कन्येला चार्जर सापडेना. बायकोने घरमालकिणीशी तिरफळाच्या भावाविषयी बोलणं सुरू केलं होतं, ते मध्येच तोडणं बरं दिसलं नसतं. आम्ही किनाऱ्यावर पोचलो तेव्हा साडेआठ वाजून गेले होते. तांडेल होडीच्या काठावर विडी ओढत बसला होता.

"भरती?" काकांनी विचारलं.

"येवन गेली," तांडेल म्हणाला.

"थोडी थांबली नाही?"

"पाणी कोणासाठी थांबणा नाय. उद्या पाऊण-एक तास उशिरा परत येतली."

उद्या एकादशी. मेहुण्यांनी या संधीचा फायदा घेऊन व्यवहाराचा मुद्दा काढला. "समजा मासा मिळालाच नाही, तर पैसे परत?"

तांडेलाने विडी विझवली. "मासो गावलो तर तुमचो. नाय गावलो तर समुद्राचो. भाडा माझा."

इतकं स्पष्ट कंत्राट मी आमच्या ठेकेदारांकडूनही कधी ऐकलं नव्हतं.

इथे एक सांगायला हवं. नाव आणि नावाडी म्हटलं की आमच्या डोळ्यांसमोर भेडाघाट येतो. तिथे संगमरवरी कड्यांमधून नेणारा नावाडी वल्ही मारता मारता यमकं जुळवत अखंड बोलत असतो. हा खडक हत्तीसारखा, ही बंदरकूदनी, इथे 'जिस देश में गंगा बहती है'चं शूटिंग झालं. त्यातलं निम्मं त्याने सकाळीच रचलेलं असतं, पण पैसे वसूल होतात. मालवणी तांडेल त्या मानाने फारच कंजूष निघाला. अर्धा तास तो एक अक्षर बोलला नाही. शेवटी आईला राहवेना. "इथे कोणत्या पिक्चरचं शूटिंग झालंय हो?"

"खयच्याच नाय, आजीनू."

"कड्याबिड्याचं नाव?"

"कडो नाय. ह्यां पाणी."

आईने माझ्याकडे पाहिलं. गाइड स्वस्तातला आणला, असा त्या पाहण्याचा अर्थ होता.

कर्ली नदी जिथे समुद्राला मिळते, त्या बाजूला होडी नांगरली. संगम म्हटल्यावर आईने पिशवीतून हळदकुंकू काढलं, एक नाणं पाण्यात सोडलं आणि "नर्मदे हर!" म्हणाली. पलीकडच्या होडीतली माणसं दचकली. मग प्रत्यक्ष गरवायला सुरुवात झाली. तांडेलाने आम्हाला प्रत्येकी एक तंगूस दिला, म्हणजे नायलॉनचा बारीक दोर, टोकाला शिशाचं वजन आणि गरी. गरीला सोललेलं सुंगट कसं ओवायचं हे त्याने एकदाच दाखवलं. आधी शेपटीकडून टोचायचं, मग कोलंबीच्या अंगातूनच गरी फिरवायची आणि टोक किंचित बाहेर ठेवायचं. त्याच्या हातात हे तीन सेकंदांत झालं. माझ्या हातात कोलंबीची चटणी झाली आणि गरी अंगठ्यात गेली.

काकांना तंगूस पसंत नव्हता. "हे बायकांचं काम. मला रॉड द्या." चाळीस वर्षं तोफगाड्यांच्या कारखान्यात काढलेल्या माणसाला काहीतरी लांब फेकायची संधी मिळाली होती. त्यांनी वाऱ्याची दिशा पाहिली, पंचेचाळीस अंशांचा कोन साधला, "सगळे खाली वाका" अशी आज्ञा केली आणि रॉड फिरवला. पहिल्या फेरीत गरीने मेहुण्यांची टोपी घेतली. दुसऱ्या फेरीत तीच गरी तांडेलाच्या लुंगीत अडकली आणि काकांना वाटलं, मोठा मासा लागला. ते जोरात रीळ फिरवू लागले. तांडेल दोन्ही हातांनी लुंगी धरून प्रथमच सलग बोलला, पण ती वाक्यं इथे छापण्याजोगी नाहीत.

एवढ्यात होडीच्या मागच्या टोकाला पाणी सळसळलं. तिथे आई बसली होती. मांडीवर डबा, बोटांत कणकेच्या गोळ्या आणि पाण्यात बोय माशांची झुंबड. बोय कणकेवर तुटून पडतात हे मला तेव्हा कळलं. आई प्रत्येक गोळी टाकताना "घे रे बाळा" म्हणत होती. होडीच्या डाव्या अंगाला सात जणांच्या भाड्याने आणलेली महागडी सुंगटं एकटीच लोंबकळत होती आणि उजव्या अंगाला भंडारा चालू होता.

"आजीनू, जरा थांबा. सगळो मासो तुमच्या बाजूक इलो."

"असू देत. पोटभर खाऊ देत. मग तुमच्याकडे पाठवते."

पोटभर जेवलेला मासा पुन्हा आमच्या गरीकडे कशाला येईल, हा प्रश्न चिरंजीवांनी विचारला. आईचं उत्तर तयार होतं. "तुझ्या वडिलांना विचार. जेवल्यावर श्रीखंड चालतं की नाही?"

दहाच्या सुमारास वाऱ्याने थोडी उचल घेतली आणि होडी डोलायला लागली. समुद्र लागणं हे जबलपूरकरांचं काम असणार, असं मेहुणे आदल्या रात्रीच म्हणाले होते. आम्हाला काही झालं नाही. मेहुण्यांचा रंग मात्र आधी पिवळा, मग हिरवा झाला, आणि सकाळचे पोहे त्यांनी देवबागच्या खाडीला सव्याज परत केले. त्याबरोबर त्यांच्या बाजूलाही मासे जमले. तांडेलाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच समाधान दिसलं. "असाच चालू ठेवा," तो म्हणाला.

आणि खरंच चिरंजीवांच्या दोराला ओढ लागली! वर आला तो एक ठिपक्याठिपक्यांचा, बटबटीत डोळ्यांचा मासा. होडीत पडताच तो रागाने फुगू लागला. फुगत फुगत पार चेंडू झाला आणि कुरकुर दात वाजवू लागला.

"केंड," तांडेल म्हणाला. "खाणत नाय. वीख आसता."

"म्हणजे अजिबात नाही?" काकांनी विचारलं. "नीट शिजवला तरी?"

"शिजवा. पण माका जेवक बोलवू नकात."

आमची कन्या पर्यावरणवादी आहे. तिने केंडाला लगेच 'गुड्डू' असं नाव ठेवलं, त्याच्याबरोबर फोटो काढला आणि त्याला सन्मानाने पाण्यात सोडायला लावलं. गुड्डूने उपकाराची फेड अशी केली, की पुढच्या अर्ध्या तासात आपले सगळे भाऊबंद आणून आमची सुंगटं कुरतडून नेली. केंडाचे दात जाळी फाडतात आणि दोर तोडतात. मालवणचे मच्छीमार त्याच्या नावाने का बोटं मोडतात, हे आम्हाला त्या अर्ध्या तासात समजलं. मध्ये एक मिशाळ मासा काकांच्या गरीला लागला. काका आनंदाने त्याला धरायला झेपावले. "हात लाव नकात! शेंगटी ती! काटो मारल्यान तर रातभर बोंबलतलास!" काका जागीच थबकले. मग "मला मिशीवरूनच शंका आली होती" असं म्हणत त्यांनी हात खिशात घातले, ते बराच वेळ बाहेर काढले नाहीत.

अकरा वाजता सुंगटं संपली, धीर संपला, आणि आईने दशम्यांचा डबा उघडला. दुधात भिजवलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी. सगळ्यांनी आपापले दोर कुठेकुठे बांधून ठेवले आणि हात धुतले. कोणता दोर कोणाचा, कोणत्या गरीला अजून सुंगट आहे आणि कोणत्या मोकळ्या गरीला आईने दशमीचा तुकडा लावलाय, हे कोणीच पाहिलं नाही. तोंडात घास असताना फळीला बांधलेला एक दोर ताठ झाला. तांडेलाने तो हातावर घेतला, थोडा सोडला, थोडा ओढला, आणि तांबूस झाक असलेली, खवल्यांवर ऊन झेलणारी एक तांबोशी होडीत येऊन पडली. दीड वीत असेल.

होडीत क्षणभर कोणी बोललं नाही. त्यानंतर सगळे एकदम बोलले. दोर चिरंजीवांचा होता, असं चिरंजीव म्हणाले. गाठ काकांची, आणि गाठ सैल असती तर मासा गेला असता, असं काका म्हणाले. मासे या बाजूला आले ते कोणामुळे, याची आठवण मेहुण्यांनी क्षीण आवाजात करून दिली. बुधवार बायकोने शोधला होता. होडी मी भाड्याने घेतली होती. कन्येच्या मते तांबोशी कोणाचीच नव्हती, ती स्वतंत्र होती. "दशमी खाल्लीन तिने," आई म्हणाली. "मी बघितलं." गरी काढून पाहिली, तर तिच्यावर सुंगटही नव्हतं आणि दशमीही नव्हती. शेवटी सगळ्यांनी तांडेलाकडे पाहिलं. दोर त्याने ओढला होता.

"माशाक इचारा," तो म्हणाला आणि त्याने इंजिन सुरू केलं.

घरमालकिणीने तांबोशीचं तिरफळ घालून कालवण केलं. अडीच वाजता पानं मांडली आणि बायकोने मोबाइल पाहिला. "पावणेदोनला एकादशी लागली."

घास वाटेतच थांबले. काका म्हणाले, सूर्योदयाला जी तिथी ती दिवसभर. बायको म्हणाली, सोयीची असली की सूर्योदयाची, नाहीतर मोबाइलची, असं चालणार नाही. मेहुण्यांनी 'स्मार्त' आणि 'भागवत' हे शब्द काढले, पण त्यांचा अर्थ त्यांना सांगता येईना. कालवण निवत होतं. काकांनी जबलपूरला आमच्या गुरुजींना फोन लावला. स्पीकरवर सगळी हकीकत सांगितली.

पलीकडे बराच वेळ शांतता. मग गुरुजींनी विचारलं, "कोणता मासा?"

"तांबोशी."

"ताजी?"

"आत्ता धरलेली."

"उदयतिथी दशमी," गुरुजी म्हणाले. "पण दशमीला एकभुक्त असतं. एकदाच जेवायचं. तेव्हा रात्रीसाठी काही ठेवू नका."

या निर्णयाचं पालन आमच्या घरात जितक्या काटेकोरपणे झालं, तितकं दुसऱ्या कोणत्याच धर्माज्ञेचं झालेलं नाही. सात माणसांत दीड वीत मासा. न खाणारी आई आणि स्वातंत्र्यवादी कन्या वगळल्यास पाच. मला शेपटीकडचा तुकडा आला, कारण होडीचं भाडं देऊन मी आधीच पुण्य मिळवलं होतं. मेहुण्यांनी काटे चोखून बाजूला ठेवत कबूल केलं, की मासा बरा होता. काकांना एवढंच हवं होतं.

परतीच्या गाडीत तांबोशी वाढू लागली. रत्नागिरीपर्यंत ती दीड वीतच होती. पनवेलला हातभर झाली. भुसावळला काकांनी ती ओढायला अर्धा तास लागल्याचं सांगितलं, आणि इटारसीला तिकीट तपासनिसाला लांबी दाखवताना त्यांचा एक हात समोरच्या बाईंच्या डब्यात गेला. जबलपूरला उतरलो, तेव्हा दोर तांडेलाने नव्हे तर काकांनी ओढला होता आणि मेहुण्यांना समुद्र लागला तो माशाचा आकार पाहून. आता मालवीय चौकात भेटणारा प्रत्येक 'बड्डे', म्हणजे आमच्याकडचा दोस्त, मला विचारतो, "काय हो, शार्क धरला म्हणे?"

तुम्हीही जाणार असाल तर जरूर जा. जून-जुलै सोडा, बुधवार बघा, भरतीच्या आधी तासभर किनाऱ्यावर पोचा, फुगणाऱ्या माशाच्या आणि मिशाळ माशाच्या वाटेला जाऊ नका आणि आईला सोबत न्याच, मासे तिच्याकडेच येतात. आमच्या तांडेलाचा नंबर मात्र मागू नका. आम्ही गेल्यानंतर त्याने तो बदलला आहे.